पळून गेलेली कॉफी

हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटावर जायचं ठरलं तेव्हा नवऱ्याच्या डोक्यात ऑक्टोपस होता आणि माझ्या डोक्यात एक झाड. दोघांचीही फजिती झाली. सप्टेंबरात तिथे ऑक्टोपस पकडायला बंदी असते हे त्याला बेटावर उतरल्यावर कळलं. आणि माझं झाड माझ्यापासून दोन हातांवर उभं होतं, तरी मला दिसलं नाही.

पण आधी मॉरिशसचं सांगते, कारण सुरुवात तिथे झाली.

गणपती नुकतेच होऊन गेले होते. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते हे वाचलेलं होतं, पण समुद्राकाठच्या एका गावात देवळाबाहेर सुकलेली तोरणं अजून लटकलेली पाहिली तेव्हा ते खरं वाटलं. आमच्या गाडीचा चालक मराठी वंशाचा होता. त्याचे पूर्वज पाच-सहा पिढ्यांपूर्वी कोकणातून उसाच्या मळ्यांवर करारमजूर म्हणून आलेले. आता त्याची मराठी आरतीपुरती उरली होती. ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ शेवटच्या कडव्यापर्यंत खणखणीत, आणि ‘जेवलात का’ विचारायला मात्र इंग्रजी.

तो आम्हाला ल मोर्नला घेऊन गेला. बेटाच्या नैऋत्य टोकाला समुद्रात घुसलेला हा उभा कातळ. मळ्यांमधून पळालेले गुलाम या डोंगराच्या कपारींत लपून राहत. २००८ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. गुलामगिरी संपल्याची बातमी द्यायला शिपाई वर चढले, तेव्हा हे आपल्याला पकडायलाच आले असं समजून लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी आख्यायिका तिथे सांगतात. चालकानंही सांगितली, आवाज न चढवता.

“त्यांना आम्ही मारों म्हणतो,” तो म्हणाला. “पळून जाऊन रानात राहिलेले.”

मग मी विचारल्यावर त्यानं उदाहरणं दिली. माणूस मळ्यातून पळाला, तर मारों. डुक्कर खुराड्यातून पळून रानात वाढलं, तर तेही मारों. वाफ्यातली भाजी कुंपणाबाहेर आपली आपण उगवली, तरी मारोंच. एकच शब्द, आणि त्यात पळणाऱ्याबद्दल तक्रार आहे की कौतुक, ते बोलणाऱ्यावर.

माझ्या डोक्यात लख्खकन काहीतरी पेटलं. कारण मला ज्या झाडासाठी रॉड्रिग्जला जायचं होतं, त्याचं नाव ‘काफे मारों’. इतकी वर्षं मी ते नाव नुसतं नाव म्हणून वाचत आले होते. त्याचा अर्थ पळून गेलेली कॉफी.

खरं तर ही कॉफी कुठूनच पळालेली नाही. कॉफीच्याच कुळातली आहे आणि थोडी तशी दिसते, म्हणून वसाहतीतल्या लोकांनी ते नाव देऊन टाकलं. बेटावर माणूस नव्हता तेव्हापासून ते झाड तिथलं. मूळ घरमालकालाच ‘हा कुठून पळून आला’ म्हणावं, तसला प्रकार. शास्त्रीय नाव रामोस्मानिया रॉड्रिग्जी. जगात इतर कुठेही ते निसर्गतः उगवत नाही.

ल मोर्नच्या कड्यावर आणखी एक फूल आहे, बूक्ल दोरेय, म्हणजे कानातलं डूल. मॉरिशसचं राष्ट्रीय फूल. लालसर, घंटेसारखं लोंबणारं, आणि रानात फक्त या एकाच डोंगरावर सापडणारं. सप्टेंबर हा त्याच्या फुलण्याचा काळ, पण ते पाहायचं तर वरपर्यंत चढावं लागतं आणि नवऱ्याचा गुडघा त्याला राजी नव्हता. मीही फार आग्रह धरला नाही. एका प्रवासात एकच हट्ट पुरे.

मॉरिशसहून रॉड्रिग्जला पंख्यांचं छोटं विमान जातं. दीड तास, खाली फक्त पाणी. मॉरिशसच्या पूर्वेला जवळजवळ सहाशे किलोमीटरवर हे बेट आहे. साधारण अठरा किलोमीटर लांब आणि आठ रुंद. उतरताना आधी बेट दिसत नाही, त्याच्याभोवतीचं प्रवाळाचं तळं दिसतं. फिकट हिरव्या-निळ्या पाण्याचा हा पसारा जमिनीच्या दुपटीहून मोठा आहे. ताटभर आमटी आणि मधोमध भाताची मूद, असं नवरा म्हणाला. त्याला भूक लागली होती.

विमानतळ पश्चिमेच्या टोकाला. तिथून घाटवळणांनी वर चढत आम्ही डोंगरावरच्या एका घरी पोचलो. घर एका सत्तरीच्या बाईंचं. दोन खोल्या पाहुण्यांना देतात आणि रात्रीचं जेवण स्वतः रांधतात. आजूबाजूचे सगळे त्यांना मादाम म्हणत, म्हणून आम्हीही मादामच म्हणायला लागलो. त्यांचं इंग्रजी तोडकं, माझं फ्रेंच त्याहून तोडकं, पण स्वयंपाकघरात उभं राहिलं की भाषा लागतेच किती. मक्याची जाडसर पेज, लाल घेवडा, बारक्या मिरच्यांचं लोणचं. त्या मिरच्या बारक्या दिसतात म्हणून फसू नये. आम्ही तिखट खाणाऱ्या मुलुखातले आहोत ही घमेंड पहिल्या घासाला उतरली.

ऑक्टोपसबद्दल विचारलं तर मादामनी हात हलवला. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदी. २०१२ पासून हा नियम आहे. ओहोटीला गुडघाभर पाण्यातून प्रवाळावर चालत, भाल्यानं ऑक्टोपस टिपणं हे इथल्या बायकांचं पिढीजात काम. पिल्लं वाढायच्या आतच पकडली जाऊन ऑक्टोपस कमी व्हायला लागले, तेव्हा दोन महिने हात आवरायचं ठरलं. त्या काळात या बायकांना दुसरी कामं देऊन मजुरी दिली जाते. मादामच्या बहिणीनं जन्मभर हेच काम केलेलं. “आधी सगळ्या ओरडल्या,” मादाम म्हणाल्या. “मग ऑक्टोबरात गेल्या आणि मोठे मोठे सापडले. मग गप्प.”

नवरा गप्प बसला नाही, पण त्याचं कोण ऐकणार.

मी झाडाचं नाव काढलं तेव्हा मादाम एकदम हसल्या. तोंडावर हात ठेवून, तरुण मुलीसारख्या. का, ते त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही.

आता झाडाची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

१८७४ मध्ये शुक्राचं अधिक्रमण पाहायला ब्रिटिशांची एक मोहीम रॉड्रिग्जवर आली. शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना वेळा टिपायच्या आणि त्यावरून सूर्याचं अंतर काढायचं, असा तो खटाटोप होता. सोबत आयझॅक बेली बॅल्फर नावाचा तरुण वनस्पतिशास्त्रज्ञही होता. त्यानं दुर्बिणीवाल्यांच्या नादी न लागता बेट पालथं घातलं आणि झाडं गोळा केली. त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली: इथल्या कितीतरी झाडांची कोवळ्या वयातली पानं आणि मोठेपणीची पानं एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. रोप आणि झाड शेजारी ठेवलं तर ते मायलेकरं आहेत असं कुणी म्हणणार नाही. हे एवढं लक्षात ठेवा.

पुढची पाऊणशे वर्षं बेटानं जंगल गमावलं. शेतासाठी तोड, सरपणासाठी तोड, मोकाट बकऱ्या आणि गुरं, वर दर काही वर्षांनी येणारी चक्रीवादळं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत काफे मारों नामशेष झालं असं सगळे धरून चालले होते. उरलं होतं ते १८७७ सालचं एक चित्र.

मग १९८० च्या सुमाराला बेटावरच्या एका शाळामास्तरांनी मुलांना स्थानिक झाडांची ओळख करून देताना त्या जुन्या झाडाचं चित्र दाखवलं. एक मुलगा म्हणाला, हे आमच्या इथे आहे. आणि दुसऱ्या दिवशी फांदी घेऊन आला. ती पडताळणीसाठी लंडनच्या क्यू उद्यानात गेली आणि तिकडून उत्तर आलं: हो, तेच. रस्त्याच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत, बकऱ्यांनी कुरतडलेलं एक झुडूप. जगातलं त्या जातीचं एकमेव.

इथवर गोष्ट छान आहे. पण सापडल्यावरच त्या झाडाचे खरे हाल सुरू झाले. इतकं दुर्मीळ आहे, विलायतेतून लोक चौकशी करतात, तर त्यात काहीतरी गुण असणारच, असं बेटभर झालं. रात्री चढलेली सकाळी उतरवायला त्याचा काढा चांगला, आणि गुप्तरोगावर तर रामबाण, अशी ख्याती. लोक पानं खुडून, फांद्या मोडून, साल सोलून न्यायला लागले. कुंपण घातलं. कुंपणामुळे तर आणखी खात्री पटली, आत सोनं असल्याशिवाय कुणी जाळी मारतं का? दुसरं कुंपण घातलं. मग तिसरं. पहारेकरीही बसवला.

तिकडे १९८६ मध्ये त्या झाडाच्या फांद्या विमानानं क्यूला पाठवल्या. एक कलम जगलं, त्याची पुढे कलमं झाली. झाड मरणार नाही एवढी सोय झाली, पण ती फसवी होती. काचघरात दहा, वीस झाडं दिसली तरी ती सगळी एकाच झाडाची फांदी. त्यांना फुलं येत. पांढरी, पाच पाकळ्यांची, चांदणीसारखी. आपल्याकडचा अनंत याच कुळातला आहे, त्याचा लहान, साधा चुलतभाऊ म्हणा. वर्षानुवर्षं फुलं येत राहिली आणि गळत राहिली. फळ धरलं नाही. पराग कुक्षीवर, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकावर, टाकले तरी ते तिथेच अडत, अंडाशयापर्यंत पोचतच नसत. बी नाही म्हणजे रोप नाही, रोप नाही म्हणजे पुढची पिढी नाही. नुसतं एकच म्हातारं झाड, अनेक कुंड्यांत.

२००३ मध्ये कार्लोस माग्दालेना नावाचा स्पेनचा माणूस क्यूमध्ये उमेदवारी करत होता. हे झाड बी देत नाही असं त्यालाही सांगितलं गेलं आणि त्याला ते पटलं नाही. आपल्याकडे अशा माणसाला हट्टी म्हणतात, आणि काम झालं की जिद्दी. त्यानं कितीतरी फुलांवर वेगवेगळे प्रयोग केले. अखेर कुक्षीचं टोक पात्यानं कापून टाकलं आणि त्या ताज्या जखमेवर पराग ठेवले. दारच अडवत होतं तर दार काढून टाकलं. फळ धरलं. त्यातून बी, आणि बियांतून रोपं.

आणि ती रोपं त्यांच्या आईसारखी दिसत नव्हती! हिरवी, गोलसर, चकचकीत पानं यायला हवी होती. त्याऐवजी आली लांब, अरुंद, तपकिरी, डागाळलेली, वाळक्या पात्यासारखी पानं. बॅल्फरनं सव्वाशे वर्षांपूर्वी जे टिपलं होतं तेच. पुढे बिया रॉड्रिग्जला परत आल्या.

तर ही रोपं पाहायला मी आले होते. मला फूल तर पाहायचं होतंच, पण त्याहून जास्त ती बालपणातली पानं.

ग्रांद मोंतान्य म्हणजे मोठा डोंगर. नावावर जाऊ नका, बेटावरचं सर्वात उंच शिखरच जेमतेम चारशे मीटरचं आहे. पण इथे बेटाच्या मूळ जंगलाचा तुकडा राखलेला आहे आणि मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनची माणसं गेली कित्येक वर्षं तिथे परकी झाडं उपटून मूळची झाडं लावतायत. आमच्याबरोबर वाट दाखवायला पंचविशीची एक मुलगी होती. पायात गमबूट, कमरेला कोयता, आणि बोलण्याचा वेग असा की नवऱ्यानं पाच मिनिटांत माघार घेतली.

आत शिरण्यापूर्वी बुटांचे तळ घासून पुसायला लावले. बाहेरचं बी चिकटून आत जाऊ नये म्हणून. मी ते अगदी मन लावून केलं, आणि तेवढ्यात तिनं उतारावरच्या एका काटेरी झाडाकडे बोट दाखवून सांगितलं, “हा आमचा मोठा शत्रू. पिकां लूलू. तुमच्याकडून आलाय.”

बाभूळ होती. आपली साधी, बांधावरची, शेळ्यांना शेंगा घालतात ती बाभूळ. बेटाच्या कोरड्या भागात ती अशी माजलीय की मूळच्या झाडांना उभं राहायला जागा उरलेली नाही. पलीकडे जांब, त्याची गोड वासाची फळं वटवाघळं खातात आणि बी सगळ्या डोंगरावर पेरतात. मग घाणेरी. शत्रूंच्या यादीतल्या तिघांना मी नावानं ओळखत होते, आणि ज्यांना वाचवायचं त्यांतलं एकही झाड मला ओळखता येत नव्हतं. थोडं ओशाळल्यासारखं झालं. बाभळीनं तरी काय करावं म्हणा, तिला कुणीतरी आणलं, ती वाढली.

तासभर फिरलो. तिनं झाडं दाखवली, खोडांवरून हात फिरवत, शेजारच्या काकूंची ओळख करून द्यावी तशी. हे लावलं तेव्हा मी शाळेत होते. याची फक्त इतकी झाडं उरली होती. वर फांदीवर एक चिमणीएवढा पक्षी आला, डोकं पिवळंधमक. रॉड्रिग्जचा सुगरण, फक्त याच बेटावरचा. जंगल संपलं तेव्हा तोही संपत आला होता, आता जंगलाबरोबर परत आलाय. तो आमच्याकडे बघून चिडचिड करत राहिला.

मग एका वळणावर ती थांबली. “इथे काफे मारों आहे. शोधा.”

मी खाली बसले. समोर पाचोळा, दोन-तीन हिरवी रोपं, काही वाळलेल्या काड्या. हिरवी रोपं एकेक करून दाखवली. हे? नाही. हे? नाही. नवरा वाकून म्हणाला, “इथे काहीच नाहीये.” ती हसत होती. “तुमच्या समोरच आहे,” असं तिनं तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मला जरा रागच आला.

शेवटी तिनं बोट टेकवलं. ज्याला मी वाळकी काडी समजत होते ते रोप होतं. बारीक दांडी, तिला लोंबणारी चिंचोळी पट्टीसारखी पानं, वीतभर तरी लांब. रंग चहाच्या गाळासारखा, त्यावर फिकट डाग, मधोमध एक पुसट रेघ. मेलेलं वाटतं. बोटाला लागलं की कळतं, पान गार आहे, जाड आहे, जिवंत आहे. मी त्या रोपाचीच चित्रं घरी किती वेळा पाहिली होती. तरी दोन हातांवर असून दिसलं नाही.

“आता वर बघा,” ती म्हणाली.

रोपाच्या शेजारी, माझ्या डोक्याच्या थोडं वर, हिरव्यागार लंबगोल पानांचं झाड होतं. टोकाला दोन पांढरी फुलं. तेही काफे मारोंच. विशिष्ट उंची गाठली की झाड ती तपकिरी सोंगं टाकून देतं आणि हिरवी पानं काढतं. जणू आता लपायची गरज नाही.

कुणापासून लपायचं? इथे हरीण नव्हतं, माकड नव्हतं, बकरी तर माणसानं आणली. इथे होती कासवं.

त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशी आम्ही फ्रांस्वा लगा अभयारण्यात गेलो. लगा हा फ्रेंच निर्वासित. धर्मछळामुळे देश सोडून आलेला, १६९१ मध्ये काही सोबत्यांसह या निर्मनुष्य बेटावर उतरला आणि दोन वर्षं राहिला. मग स्वतः बांधलेल्या होडीतून मॉरिशस गाठलं. म्हणजे तोही एका अर्थी मारोंच. त्यानं लिहून ठेवलंय की इथे कासवं एवढी होती की जमिनीला पाय न लावता, त्यांच्या पाठींवरून शंभराहून जास्त पावलं चालत जाता येईल. दोन जाती होत्या. एक बुटकी, घुमटासारख्या पाठीची. दुसरी उंच, तिच्या कवचाची पुढची कड वर उचललेली, खोगिरासारखी, त्यामुळे मान ताणून वरचा पाला ओढता यायचा. रॉड्रिग्जच्या झाडांना या मानेच्या टप्प्याखाली दिवस काढायचे होते. त्यामुळे कोवळेपणी पानानं पान असल्याचं दाखवायचंच नाही. कासवाला दिसावा वाळका कचरा. मान पोचणार नाही एवढं उंच झालं की मग हवं तेवढं हिरवं व्हावं. अभ्यासकांचा हा तर्क आहे, आणि रोप पाहिल्यावर तो मला पटला.

अठराव्या शतकात जहाजं भरभरून कासवं मॉरिशसला नेली, खायला. उलटं करून ठेवलं की अन्नपाण्याविना महिनोन्‌महिने जिवंत राहणारं ताजं मांस, खलाशांना आणखी काय हवं. शतक संपता संपता दोन्ही जाती संपल्या. त्यांच्याबरोबर सॉलिटेअर नावाचा, डोडोचा भाऊबंद शोभेल असा न उडणारा मोठा पक्षीही गेला. अभयारण्यातल्या गुहांमध्ये दोघांची हाडं सापडली आहेत.

आज तिथे फिरतात ती कासवं परकी आहेत. अल्दाब्रा बेटावरची महाकाय आणि मादागास्करची, पाठीवर पिवळे किरण असलेली. मेलेल्या जातींच्या जागी बदली कामगार. मोकळी सोडलेली, माणसांना सरावलेली. एका मोठ्या कासवाची मान खाजवली तर त्यानं चारही पाय ताठ करून अंग उचललं आणि डोळे मिटून घेतले. नवऱ्याला ते इतकं आवडलं की ऑक्टोपसचं दुःख तिथे संपलं. मी मात्र त्याचं तोंड बघत होते. ते पाचोळ्यातून सावकाश चाललं होतं, वाटेत काड्या, वाळकी पानं, दगड. कशाकडे ढुंकून पाहिलं नाही. हिरवा एक कोंब दिसला, मान लांब झाली आणि कोंब नाहीसा झाला.

सव्वादोनशे वर्षांपूर्वी हा धोका टळला. तरी ते रोप अजून त्याच धास्तीत जन्माला येतं. कासवाला ते विसरलं नाही. पण बकरीला वास येतो, ती रंग बघत बसत नाही. आणि माणसाला तर, कुंपण घातलं की काहीही दिसतं.

परतताना मी वाट दाखवणाऱ्या मुलीला फोन करून विचारलं होतं, ते मूळचं, रस्त्याकडेचं झाड बघता येईल का. तिनं उलट विचारलं, “कशाला?” मला पटकन सांगता येईना. ती म्हणाली, “काल तुम्ही ज्याची फुलं पाहिलीत ते त्याचंच कलम होतं. तेच झाड आहे ते. दुसरं नाही.” बरोबर होतं तिचं. तरी मला जायचं होतं, हे कबूल करते. जाळीतून पाहिलं असतं, फोटो काढला असता, आणि पहारेकऱ्यानं मला त्याच नजरेनं पाहिलं असतं ज्या नजरेनं त्यानं काढेवाल्यांना पाहिलं असेल. गेले नाही.

रात्री जेवताना मादामना अखेर विचारलं, पहिल्या दिवशी हसलात का.

त्यांनी पुन्हा तोंडावर हात ठेवला. मग नवऱ्याकडे एक नजर टाकून, माझ्याकडे झुकून, हळू आवाजात सांगितलं. झाड सापडलं त्या वेळी त्यांचं लग्न होऊन काहीच वर्षं झाली होती. शनिवारी रात्री सेगाचा नाच, ढोल, रम. रविवारी सकाळी चर्च. आणि यजमान उठायला तयार नाहीत. कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी खिशातून चार पानं आणली होती, कुठून ते सांगितलं नाही. मादामनीच ती उकळली.

“मग? उतरली?”

“कडू होतं,” त्या म्हणाल्या. “त्यानं ते ओतून दिलं आणि पुन्हा झोपला.”

आम्ही बराच वेळ हसलो. मग मी फोनवर आदल्या दिवशीचे फोटो काढून दाखवले. हिरवं झाड पाहताच त्यांनी मान डोलावली, तेच. फूल पाहिलं, फोटो मोठा करून पाहिला. पुढचा फोटो रोपाचा होता. पाचोळ्यात बसून, जवळून घेतलेला.

त्यांनी तो पाहिला, फोन लांब धरला, चष्मा कपाळावरून खाली घेतला.

“यात काय आहे?”

“तेच झाड. लहानपणीचं.”

त्या पुन्हा पाहू लागल्या. सत्तर वर्षं त्याच बेटावर राहिलेल्या, त्या झाडाचा काढा स्वतःच्या हातानं उकळलेल्या बाई. त्यांच्या आयुष्याच्या बहुतेक काळात या बेटावर त्या झाडाचं बी रुजलंच नव्हतं. त्यांच्या आईनंही कदाचित पाहिलं नसेल. त्या दोन बोटांनी फोटो मोठा करत होत्या, सरकवत होत्या, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात.

“कुठे?” त्या म्हणाल्या. “मला नुसता पालापाचोळा दिसतोय.”